टोकियोतला मोकळा दिवस: असाकुसा ते नेझु, एकट्याने आणि पायी

सहल कंपनीच्या कार्यक्रमात टोकियोला बहुधा एक ‘मोकळा दिवस’ असतो. कामानिमित्त गेलेल्यांना बैठका संपल्यावर एखादा दिवस उरतो. टोकियोच्या निशी-कासाई वस्तीत राहणाऱ्या मुलाकडे किंवा मुलीकडे गेलेल्या आईवडिलांना तर असे दिवस सोमवार ते शुक्रवार रोजच मिळतात, कारण घरची मंडळी सकाळीच ऑफिसला निघून गेलेली असतात. या दिवसाचं काय करायचं असं विचारलं, की प्रत्येक जण यादी देतो: शिबुयाचा चौक, टोकियो टॉवर, असाकुसाचं देऊळ, गिन्झाची दुकानं, अकिहाबारा. संध्याकाळपर्यंत यादी पुरी होते, पण निम्मा दिवस जमिनीखाली गेलेला असतो.

असाकुसा आणि शिबुया ही मेट्रोच्या गिन्झा लाइनची दोन टोकं. अंतर सुमारे १४ किलोमीटर आणि प्रवास अर्ध्या तासाहून थोडा जास्त. गाड्या इतक्या वेळेवर आणि इतक्या वारंवार सुटतात, की एका स्टेशनात शिरायचं आणि दुसऱ्यातून वर यायचं हीच सवय लागते. मग शहराचे सुटे तुकडे दिसतात. ते एकमेकांना कुठे जोडलेले आहेत हे कळत नाही. म्हणून यादी बाजूला ठेवा आणि शहराच्या पूर्वेकडचा एकच सलग पट्टा चाला. इथे सुचवलेली वाट असाकुसा, काप्पाबाशी, उएनो, यानाका आणि नेझु अशी जाते. नकाशावर ती साधारण नऊ किलोमीटर भरते. देवळांची आवारं, संग्रहालयाची दालनं आणि चुकलेली वळणं धरली तर बारा-तेरा किलोमीटर चालण्याची तयारी ठेवा.

कोणता दिवस, कोणती वेळ

सोमवारी राष्ट्रीय संग्रहालय बंद असतं आणि यानाकातली बरीच दुकानंही. रविवारी काप्पाबाशीची अनेक दुकानं उघडत नाहीत. म्हणून मंगळवार ते शनिवार यांतला दिवस निवडा. सोमवारी सार्वजनिक सुट्टी आली तर संग्रहालय त्या दिवशी उघडं राहतं आणि मंगळवारी बंद असतं, हेही लक्षात असू द्या. शुक्रवारी आणि शनिवारी ते रात्री आठपर्यंत उघडं असतं, पण निघण्याआधी वेळा एकदा पडताळून घ्या.

टोकियोत बहुतेक दुकानं नऊ-दहाच्या आत उघडत नाहीत, देवळं मात्र पहाटेच उघडतात. दिवसाचा क्रम यावरूनच ठरतो: आधी देऊळ, मग बाजार, दुपारी संग्रहालय आणि उतरत्या उन्हात गल्ल्या. सकाळी सातला असाकुसात पोहोचलात, तर दहानंतर लोटणाऱ्या गर्दीच्या आधी तुमचं दर्शन झालेलं असेल. डिसेंबरात साडेचारलाच सूर्य मावळतो, जूनमध्ये सात वाजेपर्यंत उजेड राहतो. जून-जुलैत पावसाळा असतो. ऑगस्टचा दमट उकाडा मुंबईकरांनाही हैराण करतो. चालण्यासाठी नोव्हेंबर सगळ्यात चांगला. मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीलाही छान असतं, फक्त साकुराच्या, म्हणजे चेरीच्या बहरामुळे उएनोत तोबा गर्दी होते.

सोबत काय घ्यावं

पासपोर्ट जवळ हवाच. पर्यटकाने तो सतत बाळगावा असा तिथला कायदाच आहे. बूट आधी वापरून पायाला बसलेले असावेत. मोबाइलसाठी पॉवर बँक, पाण्याची बाटली, एक छोटा टॉवेल (अनेक स्वच्छतागृहांत हात पुसायला काही नसतं) आणि कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी घ्या. रस्त्यावर कचरापेट्या जवळजवळ नसतातच, तेव्हा दिवसभराचा कचरा आपणच वागवायचा. मोठी बॅग स्टेशनातल्या कॉइन लॉकरमध्ये टाका. प्रवासासाठी सुइका किंवा पास्मो कार्ड घेतलंत, तर तेच पेयांच्या यंत्रांवर आणि बहुतेक कोन्बिनींत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या छोट्या दुकानांत, चालतं. तरीही दहा हजार येनपर्यंत रोख रक्कम हवीच, कारण जुन्या वस्तीतली छोटी दुकानं आणि देवळं रोखीवरच चालतात. सेव्हन-इलेव्हनच्या एटीएममधून परदेशी कार्डावर पैसे निघतात.

असाकुसा: सकाळची दोन देवळं

निशी-कासाईहून येणाऱ्यांनी तोझाई लाइनने निहोनबाशीला यावं आणि तिथे गिन्झा लाइन पकडावी. असाकुसा हे शेवटचं स्टेशन. या लाइनचा असाकुसा ते उएनो हा टप्पा ३० डिसेंबर १९२७ रोजी सुरू झाला आणि तीच आशियातली पहिली भुयारी रेल्वे. आज आपण तिच्या डोक्यावरून चालणार आहोत.

वर आलात की कामिनारिमोन हे मोठ्या लाल कंदिलाचं प्रवेशद्वार दिसेल. कंदील जवळपास चार मीटर उंच आणि सुमारे ७०० किलो वजनाचा आहे. द्वार १९६० मध्ये नव्याने उभं राहिलं. त्याचा खर्च आज पॅनासॉनिक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कंपनीचे संस्थापक मात्सुशिता कोनोसुके यांनी दिला. तिथून नाकामिसे ही अडीचशे मीटरची दुकानांची ओळ थेट सेन्सोजीपर्यंत जाते. सकाळी तिची शटरं बंद असतात, आणि शटरांवर रंगवलेली चित्रं तेव्हाच बघायला मिळतात.

सेन्सोजीची कथा इ.स. ६२८ ची. सुमिदा नदीत मासे धरणाऱ्या दोन भावांच्या जाळ्यात कान्नोनची मूर्ती आली, असं सांगतात. कान्नोन म्हणजे अवलोकितेश्वर. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात ज्याला आपण पद्मपाणी म्हणून ओळखतो तोच बोधिसत्त्व. मूळ मूर्ती कुणालाच दाखवली जात नाही, त्यामुळे ती शोधत बसू नका. जुनं देऊळ १० मार्च १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळालं. आजचं १९५८ मधलं आहे आणि ते काँक्रीटचं आहे. देवळाकडे तोंड करून उभे राहिलात की उजव्या हाताला असाकुसा जिन्जा, म्हणजे शिंतो देवस्थान, दिसेल. मूर्ती सापडलेले ते दोन भाऊ आणि त्यांचा गावप्रमुख यांनाच तिथे देव मानलं जातं. १६४९ ची ही लाकडी वास्तू युद्धातून वाचली, त्यामुळे जुनं बांधकाम बघायचं असेल तर इथे जास्त वेळ द्या.

देवळात आणि जिन्जात नमस्काराची रीत वेगळी आहे. बौद्ध देवळात हात जोडून शांत उभं राहायचं, टाळ्या वाजवायच्या नाहीत. शिंतो जिन्जात दोनदा वाकायचं, दोनदा टाळी वाजवायची आणि पुन्हा एकदा वाकायचं. सेन्सोजीत शंभर येन टाकून भविष्याची चिठ्ठीही काढता येते. नळकांडं हलवून आलेल्या काडीवरचा क्रमांक बघायचा आणि त्या क्रमांकाच्या खणातला कागद घ्यायचा. इथे वाईट भविष्य बऱ्याच जणांना येतं, म्हणून घाबरू नका. कागद शेजारच्या तारेला बांधून तिथेच सोडून द्यायचा.

बहुतेक पर्यटक इथून मागे फिरतात. तुम्ही मात्र पूर्वेच्या नितेनमोन दारातून बाहेर पडा आणि नदीच्या दिशेने ईशान्येला दहाएक मिनिटं चाला. एका लहानशा टेकाडावर मात्सुचियामा शोदेन हे देऊळ आहे. इथला देव कांगितेन, म्हणजे गणपतीचं जपानी रूप. बौद्ध धर्माच्या तांत्रिक शाखेबरोबर तो भारतातून चीनमार्गे जपानला पोहोचला. त्याची मूर्तीही झाकलेलीच असते, त्यामुळे सोंड दिसणार नाही. त्याऐवजी पायऱ्यांवर, खांबांवर, कंदिलांवर दोन खुणा शोधा: एकमेकांत गुंतलेले दोन मुळे आणि पैशांची थैली. मुळा आरोग्याचा आणि पतीपत्नीतल्या गोडव्याचा, तर थैली भरभराटीची. नैवेद्यही मुळ्याचाच असतो. पांढरेशुभ्र जाडजूड मुळे तिथेच विकत मिळतात आणि ७ जानेवारीला मुळ्यांचा उत्सव होतो. गुडघे कुरकुरत असतील तर टेकाडावर जायला छोटी फुकट रेलगाडीही आहे. एवढ्या सकाळी इथे आजूबाजूच्या वस्तीतले भाविकच भेटतील. फोटो बाहेरून काढा, गाभाऱ्याकडे कॅमेरा नको.

काप्पाबाशी: स्वयंपाकघराची पेठ

सेन्सोजीच्या मागून पश्चिमेला पंधराएक मिनिटं चाललात की काप्पाबाशी लागते. सुमारे ८०० मीटर लांबीच्या या रस्त्यावर जवळपास १७० दुकानं आहेत आणि सगळी उपाहारगृहांना लागणाऱ्या सामानाची: सुऱ्या, कढया, वाडगे, लाकडी पाट, दुकानाबाहेर टांगायचे पडदे. हॉटेलांच्या काचेत दिसणारे खोटे पदार्थही इथेच मिळतात. प्लास्टिकची सुशी, तारांवर अधांतरी उचललेली नूडल्स आणि न वितळणारं आइसक्रीम बघायला पैसे पडत नाहीत. सुरी घेतलीत तर ती विमानात चेक-इन बॅगेतच टाका, हातातल्या बॅगेत अडवतील. जड भांडी मात्र घेऊ नका, अजून निम्म्याहून जास्त वाट बाकी आहे.

दक्षिणेच्या टोकाला एका इमारतीवर स्वयंपाक्याचं अवाढव्य डोकं दिसेल. तिथे उजवीकडे, म्हणजे पश्चिमेला, असाकुसा-दोरी या मोठ्या रस्त्याने वळा. तुमच्या पायाखाली गिन्झा लाइन धावते आहे. खालचा प्रवासी तावारामाची, इनारीचो, उएनो अशी स्टेशनं चार-पाच मिनिटांत मागे टाकतो. वर मात्र तुमच्या बाजूला एकामागून एक देव्हाऱ्यांची दुकानं येतात. जपानी घरांत पूर्वजांसाठी ठेवायचे काळ्या लाखेचे, सोनेरी नक्षीचे देव्हारे, उदबत्त्या, घंटा, जपमाळा. एवढ्या देवळांच्या वस्तीला लागणारा माल विकणारी पेठ देवळांजवळच वाढली. काचेतून बघायला हरकत नाही. आत जाऊन फोटो काढायचा तर विचारून काढा.

जेवण, विशेषतः शाकाहाऱ्यांचं

एकट्याने जेवणं टोकियोत अगदी नेहमीचं आहे. कित्येक उपाहारगृहांत फक्त काउंटरच्या खुर्च्या असतात. दारातल्या यंत्रात पैसे टाकून पदार्थाचं बटण दाबायचं, तिकीट आतल्या माणसाच्या हाती द्यायचं आणि बसायचं. बोलण्याचीही गरज पडत नाही. पाणी फुकट मिळतं आणि टिप द्यायची नसते. गर्दीच्या वेळी जेवण झालं की लगेच उठावं.

शाकाहाऱ्यांची अडचण मांसापेक्षा दाशीमुळे होते. दाशी म्हणजे बहुधा सुकवलेल्या माशापासून काढलेला अर्क. तो सूपमध्ये, नूडल्सच्या रश्शात आणि भाज्यांच्या सॉसमध्येही असतो. ‘निकु तो साकाना वा ताबेमासेन’, म्हणजे ‘मांस आणि मासे खात नाही’, एवढं म्हटलं तरी स्वयंपाक्याच्या मनात दाशी येईलच असं नाही, म्हणून दाशीचा वेगळा उल्लेख करा. हे सगळं जपानीत लिहून घेऊन मोबाइलवर दाखवलेलं सगळ्यात बरं. कोन्बिनीतली आंबट उमे (खारवलेलं फळ) घातलेली ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा, त्यातल्या त्यात चालण्यासारखी, पण कडक शाकाहारी असाल तर वेष्टनावरची यादी भाषांतराच्या ॲपने वाचून घ्या. थंडीत भाजलेली रताळी मिळतात आणि ती पोटभरीची असतात. नीट बसून जेवायचं असेल तर उएनो स्टेशनच्या दक्षिणेला दहा मिनिटांवर ओकाचिमाची आहे. ही जडजवाहिरांची घाऊक पेठ. इथे भारतीय व्यापारी आहेत, त्यामुळे शाकाहारी भारतीय जेवणही मिळतं. वाटेत आमेयोको हा युद्धानंतरच्या काळ्या बाजारातून वाढलेला, ओरडून माल विकणारा बाजार लागतो.

रस्त्याने चालता चालता खाणं तिथे बरं दिसत नाही. दुकानासमोर उभं राहून किंवा बागेतल्या बाकावर बसून खावं. उएनोच्या बागेत डबा उघडायला कुणाची हरकत नसते.

उएनो: एकच इमारत निवडा

उएनोची बाग ज्या जमिनीवर आहे ती पूर्वी कानेइजी या मोठ्या देवळाची होती. १८६८ मध्ये शोगुनचे (लष्करी शासकाचे) निष्ठावंत आणि नवं सरकार यांच्यात इथे लढाई झाली आणि देवळाचा बराच भाग जळाला. १८७३ मध्ये ती जागा सार्वजनिक बाग झाली. दक्षिणेच्या दारापाशी कुत्रा घेऊन उभा असलेला सायगो ताकामोरीचा पुतळा दिसेल. हल्ला करणाऱ्या सैन्याच्या प्रमुखांपैकी तो एक होता. खाली शिनोबाझु तळ्यातल्या बेटावर बेनझाइतेनचं देऊळ आहे. ही वीणेऐवजी बिवा वाजवणारी सरस्वती. जुलै-ऑगस्टमध्ये तळं कमळांनी भरून जातं.

बागेत संग्रहालयं अनेक आहेत. एकट्याने फिरताना ‘आता पुरे’ म्हणणारं कुणी नसतं, त्यामुळे मोह आवरून एकच निवडा. १८७२ मध्ये सुरू झालेल्या टोकियो राष्ट्रीय संग्रहालयाच्या होन्कान या मुख्य इमारतीला दीड-दोन तास द्या; तेवढ्यात मातीच्या प्राचीन मूर्तींपासून सामुराईंच्या तलवारींपर्यंत जपानी कलेची ओळख होते. वास्तुकलेची आवड असेल तर पाश्चात्त्य कलेचं राष्ट्रीय संग्रहालय बघा. ते चंदीगड घडवणाऱ्या ल कॉर्ब्युझिए यांनी बांधलं, १९५९ मध्ये उघडलं आणि २०१६ मध्ये चंदीगडच्या त्यांच्या इमारतींबरोबरच जागतिक वारशाच्या यादीत आलं. हिवाळा असेल किंवा ऊन उतरू लागलं असेल, तर संग्रहालय सरळ सोडून द्या. ते दुसऱ्या दिवशीही बघता येईल. पुढची वस्ती मात्र उजेडातच बघायला हवी.

यानाका आणि नेझु: वाचलेलं शहर

संग्रहालयातून बाहेर पडून कला विद्यापीठाच्या बाजूने वायव्येला चाला. इमारती बुटक्या होत जातील आणि रस्ते अरुंद. यानाका १९२३ चा भूकंप आणि १९४५ चे बॉम्बहल्ले यांतून बऱ्यापैकी वाचलं. सत्तरहून जास्त देवळं, लाकडी घरं, दाराशी मांडलेल्या कुंड्या. एका बेकरीच्या डोक्यावर वाढलेला हिमालयातला देवदार बघा. तो कुंडीतल्या रोपापासून एवढा झाला म्हणतात.

यानाकाच्या दफनभूमीत जाण्यात अवघडण्यासारखं काही नाही. मधला रस्ता साकुराच्या झाडांखालून जातो आणि लोक तिथे फिरायला येतात. शेवटचा शोगुन तोकुगावा योशिनोबु इथे आहे, आणि तरुणपणी त्याच्या पदरी असलेले शिबुसावा एइइची हेही. खिशातली दहा हजार येनची नवी नोट काढा. जुलै २०२४ पासून तिच्यावर त्यांचाच चेहरा आहे. मुंबईशी त्यांचा थेट संबंध आहे. १८९३ मध्ये जमशेटजी टाटा जपानला गेले तेव्हा त्यांची शिबुसावांशी भेट झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबई ते कोबे ही निप्पोन युसेन कंपनीची बोटसेवा सुरू झाली आणि कापसाच्या वाहतुकीवरची ब्रिटिश कंपनीची मक्तेदारी मोडली. थडग्यांवर चढू नका आणि घरच्यांचं काही चाललं असेल तर तिकडे कॅमेरा वळवू नका.

दफनभूमीतून तेन्नोजीमार्गे निप्पोरी स्टेशनच्या बाजूला आलात की ‘युयाके दानदान’ या पायऱ्या उतरून यानाका गिन्झा ही छोटी बाजारगल्ली लागते. तिच्या टोकाला डावीकडे, दक्षिणेला वळा आणि नकाशावर ‘हेबीमिची’ शोधा. ही नागमोडी गल्ली बुजवलेल्या ओढ्यावरून जाते, म्हणून तिला एवढी वळणं आहेत. गल्ली संपली की नेझु जिन्जा जवळच आहे. पाचव्या शोगुनने बांधवून घेतलेल्या त्याच्या १७०६ च्या वास्तू अजून उभ्या आहेत. शेजारी लाल कमानींचा बोगदा आहे आणि एप्रिलमध्ये टेकडीभर अझालिया फुलतात. संध्याकाळी दारं बंद होतात, म्हणून हिवाळ्यात चारच्या सुमारास तिथे पोहोचा. तिथून नेझु स्टेशन पाच मिनिटांवर. चियोदा लाइनने ओतेमाचीला गेलात की निशी-कासाईची तोझाई लाइन मिळते.

एकट्याने चालताना

टोकियोत बहुतेक रस्त्यांना नावंच नसतात. पत्ता वस्ती, विभाग आणि घर अशा क्रमांकांनी सांगतात. त्यामुळे रस्त्याचं नाव विचारू नका, नकाशावरचं ठिकाण दाखवा. चौकांतले उभे नकाशे वाचताना एक काळजी घ्या: त्यांत वरची बाजू उत्तर असेलच असं नाही, बहुधा तुमच्या समोरची दिशा वर काढलेली असते. वाट चुकली किंवा काही हरवलं तर कोबान, म्हणजे लाल दिव्याची छोटी पोलीस चौकी, गाठा. हरवलेली वस्तू परत मिळण्याची शक्यता तिथे बरीच असते. पोलिसांसाठी ११० आणि रुग्णवाहिकेसाठी ११९ हे क्रमांक पाठ करून ठेवा.

सायकली फुटपाथवरूनही मागून आवाज न करता येतात, म्हणून अचानक बाजूला होऊ नका. सिग्नल लाल असेल तर रस्ता रिकामा असला तरी थांबा. सरकत्या जिन्यावर टोकियोत डावीकडे उभं राहतात. गर्दीच्या वेळी अनेक गाड्यांना फक्त महिलांसाठी डबा असतो. फलाटावर त्याची जागा गुलाबी रंगाने दाखवलेली असते. गाडीत फोनवर बोलू नका. स्वच्छतागृहं स्टेशनांत, बागांत आणि मोठ्या दुकानांत फुकट आणि स्वच्छ मिळतात. बाकं मात्र कमी, म्हणून देवळाचं आवार दिसलं की दहा मिनिटं टेका. निघण्याआधी आजची वाट घरच्यांना पाठवा आणि दुपारी एक निरोप द्या.

पाय बोलायला लागले तर वाट अर्धी करायला संकोच करू नका. उएनोपर्यंत एक दिवस आणि यानाका-नेझु दुसरा, अशी विभागणीही चांगली जमते. पुढे क्योटोत किंवा ओसाकात मोकळा दिवस मिळाला तर हीच रीत वापरा. एकाच लाइनवरची तीन-चार स्थानकांच्या अंतरावरची दोन ठिकाणं घ्या, सकाळी देवळापासून निघा, दुपारी बाजारात पोहोचा, संध्याकाळी राहत्या वस्तीच्या गल्ल्यांतून शेवटच्या स्टेशनकडे या आणि गाडी फक्त परतीसाठी धरा.